आई दाखवा

खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा मालकांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग छातीकडं, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडं. मला वाटलं, चपला काढायच्या राहिल्या.

"आई कुठली?" त्यांनी विचारलं.

"मी परभणीकडचा. इथं गेवराईत कॉलेजला मराठी शिकवायला..."

"तुमचं कोन इच्यारतंय, मास्तर? आई कुठली?"

"सेलूजवळची."

"उंच हाय का?"

"बऱ्यापैकी."

"मंग ऱ्हावा."

भाडं काय, वीजबिल कोणी भरायचं, पाणी किती वाजता येतं, यातलं काही बोलणं झालंच नाही. आईच्या उंचीवर मला खोली मिळाली. नोकरी तासिका तत्त्वावरची होती, म्हणजे जितके तास तितका पगार आणि उन्हाळ्यात शून्य. गावातल्या इतर घरमालकांनी हे ऐकून दारं लावली होती. मालकांनी त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

काही महिन्यांनी आई राहायला आली. ती ओट्याशी भाजी चिरत उभी असताना मालक उंबऱ्यापर्यंत आले, नीट बघून घेतलं, "राम राम" म्हणाले आणि निघून गेले. संध्याकाळी मला म्हणाले, "जुळलं आता. पाठ तुमची आईवर गेलीय. बापाकडून काय आलंय त्येचा पत्ता लागंना." माझे वडील पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून. मी ते सांगितलं नाही.

मालक माणसांकडं असं बघत, कारण त्यांचा सगळा जन्म कुत्री बघण्यात गेला होता. गेवराईबाहेर, हायवेच्या अलीकडं त्यांचं स्लॅबचं घर, मागं शेत, आणि शेताच्या कडेला पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये कारवान जातीची कुत्री. ज्यांनी हे जनावर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उंच, सडपातळ, निमुळत्या तोंडाचं, छाती खोल आणि पोट पाठीला लागलेलं. शहरातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, याला कोणी खायला घालत नाही. मग ते पळतं, आणि माणूस आपलं मत मागं घेतो.

मालकांच्या म्हणण्याप्रमाणं त्यांच्या कुत्र्यांचा मूळपुरुष निजामाच्या फौजेतल्या एका रोहिल्या जमादाराबरोबर आला. पावसाळ्यात तो जमादार रोहिला असे, हिवाळ्यात अरब होई आणि पाहुणे जास्त असले की पठाण. एकदा त्याच्याबरोबर उंटही आला होता. मी पहिल्या वर्षी हे ताडून पाहण्याचा प्रयत्न केला, नंतर सोडून दिला. कुठलीही वंशावळ जितकी मागं जाते तितकी स्वच्छ होत जाते, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं. हे कुत्र्यांपुरतंच खरं आहे असं मी म्हणणार नाही.

मालक कुत्र्यांना अहो-जाहो करत. "बेगम, उन्हात बसू नका." "सुलतान, आदी पानी प्या, मग पळा." मी आणि कुत्री पाळणारे सोडले तर माणसांना मात्र अरे-तुरे, आणि माणूस जरा वजनदार असला की थेट 'बे'. तहसील कचेरीतले एक साहेब जमिनीच्या मोजणीसाठी आले होते. त्यांच्या ड्रायव्हरला नाही, खुद्द साहेबांना मालक म्हणाले, "ए बे, गाडी तिकडं लाव. हितं बेगम बसतेत." साहेबांनी गाडी हलवायला लावली. बेगम कोण हे त्यांना जाताना कळलं.

या अहो-जाहोचा खरा राग होता काकूंना, म्हणजे मालकांच्या बायकोला. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांची पातेली शेडकडं नेताना त्या म्हणत, "लगीन झाल्यापासून 'अगं'च्या फुडं काय मिळालं न्हाई मला. फुडच्या जन्मी कुत्रीच व्हावं म्हणते. मान तरी मिळंल."

"त्येला खानदान लागतं," मालक म्हणत.

"इतकी वर्सं तुमच्या कण्या शिजवल्या, त्यातच माजं खानदान संपलं."

मालक कुत्री विकत नसत. "लेकरू इकतेत व्हय?" म्हणत. पिल्लू मागायला आलेल्या माणसाला आधी परत पाठवत, मग एखाद्या दिवशी न सांगता त्याच्या घरी जाऊन बसत. चहा पीत, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐकत, आणि पटलं तर नारळ देऊन पिल्लू देत. पुढं दिवाळीला त्या पिल्लाला भेटायला जात. लेकीच्या घरी जावं तसं, खाऊ घेऊन.

जोड जमवायची असली की त्याला त्यांचा शब्द 'सोयरीक'. एकदा मलाही लातूरच्या पुढच्या एका गावी सोयरिकीला नेलं. नर जनावर देखणं होतं. त्याचा धनी उत्साहानं सांगत होता, बाप कोण, आजा कोण, कुठल्या जत्रेत कुणाला मागं टाकलं. मालक मान हलवत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आई दाखवा."

"आई म्हातारी झाली हो आता. मागं बांधलीय."

"दाखवा."

म्हातारी कुत्री आणली. मालकांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेची हाडं चाचपली, कान उलटे करून पाहिले. मग हात धोतराला पुसले आणि चहा न घेता उठले. गाडीत मी विचारलं, काय चुकलं? म्हणाले, "बापाचं माणूस तोंडानं सांगतंय. आई फुड्यात उबी असती. तिला पुसायचं."

"आणि तिनं काय सांगितलं?"

"मास्तर, तुमी पुस्तकं वाचता ना? मग कावून इच्यारता? कान बगा की तिचे."

मी कान पाहिले होते. मला ते नुसते कान दिसले होते.

पण गंमत अशी की एवढं करून शेवटचा दाखला चाले तो बापाचाच. या जातीच्या जुन्या शौकिनांकडं कागदपत्रं नसत. जनावर असल आहे हे सांगायचं तर धन्यानं बेलभंडारा उचलायचा. खंडोबाची हळद आणि बेलाचं पान तळहातावर घ्यायचं आणि सगळ्यांपुढं बाप, आजा, पणजा बोलून दाखवायचा. त्यावर कोणी वाद घालत नसे. भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचं पुढं काय होतं याच्या पुष्कळ गोष्टी मालकांपाशी होत्या आणि त्या सगळ्या खऱ्या घडलेल्या असाव्यात अशा बेतानं ते सांगत. एरवी जमादाराला उंट बहाल करणारा हा माणूस बेलभंडाऱ्याच्या बाबतीत एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देत नसे.

आता भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ म्हणजे तालुक्याचे पुढारी. कोणाचे भाऊ ते फ्लेक्सवर लिहिलेलं असे: गोरगरिबांचे. त्यांनी हस्की जातीचं कुत्रं आणलं होतं, बर्फात राहणारं, निळ्या डोळ्यांचं. त्याला एसीची खोली होती. मे महिन्यात लाइट गेली की हस्कीसाठी जनरेटर सुरू होई, आणि त्या आवाजावरून आम्हाला कळे की लाइट फक्त आपली गेलेली नाही.

एकदा भाऊ हस्कीला घेऊन मालकांकडं आले. मागं दोन गाड्या माणसं. सगळी उभी.

"बगा मालक, कसं वाटतंय?"

मालकांनी बराच वेळ पाहिलं. "आई दाखवा."

"आई रशियात असती ह्येंची!"

"मग पासपोर्ट काढा."

भाऊ हसले, म्हणून माणसंही हसली. मग भाऊंनी मुद्द्याची गोष्ट काढली. त्यांना बेगमचं पिल्लू हवं होतं. आता देशी जातींना मान आलाय, मोबाइलवर बघा, परदेशातली माणसं येड्यासारखी कारवान शोधायलेत, वगैरे. मालक दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंगल्यावर जाऊन आले आणि तिथूनच नाही सांगून आले.

"कावून नाही म्हणालात?" मी त्यांचाच शब्द वापरून विचारलं.

"तितं समदी उभीच असतेत हो. बसल्यालं माणूस एक न्हाई. कुत्र्याला बसल्यालं माणूस लागतं."

असल, खानदान, बाप, आजा. दिवसभर कानावर हेच. म्हणून मी एकदा काकूंना सहज विचारलं, "मालकांचं घराणं मूळचं गेवराईचंच का?"

काकू सुपात ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही. "घरानं हितलं. ते न्हाईत हितले."

मग त्यांनी सांगितलं. या घरात मूल नव्हतं. चकलांब्याला भाऊबंदातलं एक गरीब घर होतं, त्यांच्यातला मधला मुलगा दत्तक आणला. तेच मालक. तेव्हा शाळेत जायच्या वयाचे. विधी झाला, नवे कपडे घातले, आणि मग म्हाताऱ्या मालकांना शंका आली की पोरगं आईकडं पळून जाईल. त्यांनी पोराच्या हातावर बेलभंडारा दिला आणि चार माणसांत म्हणवून घेतलं, आजपासून ही माझी मावशी. समोर आई उभी होती.

"आणि ती?"

"ती काय म्हणंल? तिच्या मागं अजून लेकरं होती खायाला." काकूंनी सूप आपटलं. "हाय अजून म्हातारी. हे दर दिवाळीला जातेत. लुगडं देतेत, ओट्यावर बसून चा पितेत, 'मावशी येतो' म्हणतेत. उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाई. पाव्हण्यासारकं जायचं आन् पाव्हण्यासारकं यायचं."

काकू पुढं म्हणाल्या, "आमालाबी लेकरू न्हाई झालं. म्या म्हणलं, घ्या की एकादं दत्तक. तर काय म्हणले ठावं हाय? म्हणले, कुनाच्या आईची मावशी करायची न्हाई मला."

त्यानंतर मालकांचं 'आई दाखवा' मला पूर्वीसारखं विनोदी वाटेना. पण त्यांना ते सांगण्यात अर्थ नव्हता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मालक तर कधीच नाही. वंशावळीचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाच्या तोंडून स्वतःच्या बापाचं नाव मी ऐकलं नाही, आधीच्याही आणि नंतरच्याही.

सुलतान म्हातारा होऊन गेला. बाकीची जनावरं दिली गेली होती. राहिली एकटी बेगम, आणि तिचंही वय उतरत चाललेलं. तिची एक शेवटची वीण व्हावी, एखादं पिल्लू दारात राहावं आणि खानदान चालावं, एवढंच मालकांच्या मनात होतं. उदगीरकडं सोयरीक ठरलीही. आईसुद्धा पसंत पडली होती. त्या हिवाळ्यात बेगम माजावर यायला आणि मालकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बीडची तारीख यायला एकच गाठ पडली.

आमच्या मागच्या वस्तीतली घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं चढतात, दारांना कुलपं लागतात, आणि मागं म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. काही कुत्री गाडीमागं फाट्यापर्यंत पळून परत येतात आणि कुलूप लावलेल्या दारापुढं बसतात. उन्हाळ्यापर्यंत. काकू त्यांना उरलंसुरलं घालत. त्यातलं एक तांबूस, एका कानाचा तुकडा गेलेलं, फार खानदानी चेहऱ्यानं बसत असे. दिवसा दारापुढं, संध्याकाळी आमच्या शेडपाशी.

मालक डोळ्याला पट्टी बांधून बीडहून आले तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"शेडचं दार कुनी उगडलं?"

"म्या उगडलं न्हाई," काकू म्हणाल्या.

"मग?"

"लावलंबी न्हाई. दिसभर रडायलती ती. तुमच्या उदगीरच्या नवरदेवाला काय, त्येला पत्तासुदा न्हाई. ह्यो रोज दारात येऊन बसायचा."

मालक त्या दिवसापासून काकूंशी बोलेनात. बेगमशी बोलत, पण शब्द कमी. पिल्लं झाली, त्यातलं एकच जगलं. मालक शेडकडं फिरकले नाहीत. अशा विणीचं पूर्वीचे शौकीन काय करत असत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी रोज सकाळी उठून आधी शेडकडं बघून येत असे. मग एका दुपारी पाहिलं, तर काळा चष्मा लावलेले मालक शेडमध्ये जमिनीवर बसले होते. पिल्लू मांडीत, आणि हात त्याच्या पाठीवरून, कमरेवरून, कानावरून हळूहळू फिरत होता. डॉक्टरांनी त्यांना वाकू नका म्हणून बजावलेलं होतं.

"काय सांगितलं त्यानं?" मी दारातून विचारलं.

"आई हाय," ते म्हणाले. "शेपटापर्यंत आईच हाय, मास्तर." थोड्या वेळानं, "अरे गप, चावतो कावून बे?" हे पिल्लाला.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बेगमच्या पोटच्या या एका पिल्लाला मालक अहो म्हणत नव्हते. नावही त्यांनी ठेवलं नाही. न बोलावता आला म्हणून काकू त्याला पाव्हणा म्हणत, तेच नाव पडलं. ते वाढत गेलं तसं आईसारखंच उंच झालं, तसंच लांब तोंड, तशीच चाल. बेगम पुढच्या पावसाळ्यात गेली. त्यानंतर सकाळच्या उन्हात पाव्हणा बसला की मला दचकायला होई. मालक मात्र म्हणत, "ऊठ बे तितून." मी मनात समजलो, कमअसल, म्हणून अरे-तुरे. काकूंना तसं बोललोही. त्या हसल्या. "सर, तुमाला तुमची आई आहो म्हणती व्हय?"

पुढच्या हिवाळ्यात भाऊंचा वाढदिवस आला. या वर्षी रक्तदानाच्या जोडीला श्वान स्पर्धा होती. गावभर फ्लेक्स लागले. त्यावर भाऊ मध्ये आणि हस्की शेजारी, दोघांचेही डोळे निळे झालेले. देशी जातिवंतांचा गट वेगळा होता, आणि भाऊंच्या कोणा सल्लागारानं परंपरा जपायची म्हणून बेलभंडाऱ्याचा विधी मंचावर ठेवला होता. पितळी ताट, हळद, पानं, आणि वरून चित्रीकरण करणारा ड्रोन. लातूर, नांदेड, उदगीरकडचे सगळे कारवानवाले येणार होते. तिथं जो असल ठरेल त्याच्या दारात पुढं सोयरिकी चालून येणार. मालकांकडं आता पाव्हण्याशिवाय कोणी नव्हतं. तो ठरला तर बेगमचं खानदान चालणार, नाहीतर ते मालकांबरोबर संपणार. आणि त्याचा बाप कोण हे जगात आम्हा तिघांनाच माहीत होतं. उदगीरच्या धन्याला सोयरीक मोडल्याचं ठाऊक होतं, पण तो कुणापाशी बोलला नव्हता; बाहेर बाकी सगळे त्याच सोयरिकीचं पिल्लू समजत होते.

निघताना काकूंनी पाव्हण्याच्या कपाळाला हळद लावली. मालकांशी त्यांचं बोलणं नुकतंच पूर्ववत झालं होतं. "खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या. "आन् खरंबी बोलू नका. गुमान जिंकून या."

"त्ये कसं करत्येत?"

"भाऊला पुसा. त्येला येतंय."

आम्ही टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसलो, मालक, मी आणि मध्ये पाव्हणा. मालकांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. मी विचारलं, "बेलभंडारा उचलणार?"

"बगू," म्हणाले, आणि मैदान येईपर्यंत पाव्हण्याचे कान चोळत राहिले.

मैदानावर डीजे चालू होता. परीक्षक म्हणून पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ आले होते. त्यांनी आपलं काम चोख केलं, हे सांगायला हवं. दात पाहिले, खांदा पाहिला, जनावरं चालवली, पळवली. पाव्हणा पळाला तेव्हा डीजेवाल्यानं आवाज कमी केला. परीक्षकांनी माइक घेऊन सांगितलं की एवढा निर्दोष कारवान आपण बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. लातूरकडचा तो धनीही तिथं होता, ज्याच्याकडचा चहा आम्ही प्यायलो नव्हतो. त्यानंही मान डोलावली. "आई दिसती बेगमच," तो म्हणाला.

मालकांना मंचावर बोलावलं. निवेदकानं विचारलं, "नाव काय श्वानाचं?"

"पाव्हणा."

मैदान हसलं. ताट पुढं आलं. मालकांनी उजव्या हातावर हळद घेतली, वर पान ठेवलं. हात अगदी स्थिर होता.

"आई बेगम," ते म्हणाले. "बेगमची आई चांदनी. चांदनीची आई..."

"मालक, बापाकडून," निवेदक हळूच म्हणाला. "बाप, आजा, पणजा."

मालक थांबले. भाऊ सोफ्यावरून उठून माइकपाशी आले. "सांगा मालक, लाइव्ह चाललंय." मग माइकवर हात ठेवून, पण मला मंचाखाली ऐकू येईल एवढ्या आवाजात, "उदगीरचं सांगून टाका की. कोन बगायला आलंय?"

मालकांनी हातातल्या हळदीकडं पाहिलं.

"बाप ठावं न्हाई," ते म्हणाले. माइक भाऊंच्या हाताखाली होता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तोडीला गेल्याल्या कुनाच्या तरी दारचा हाय. नाव न्हाई ठावं."

आधी एक हसला, मग रांगा हसल्या. निवेदक गोंधळला. त्याला पुढचं वाचायचं होतं. "मग... बापाच्या ठिकाणी काय म्हणायचं?"

"माजं नाव घ्या."

"आँ?"

"दत्तक घेतलाय म्या त्येला," मालक म्हणाले. "हितं चार मानसांत सांगतो. आईचं नाव तेच ऱ्हाईल. बेगम. ते बदलायचं न्हाई."

हसणं थांबलं ते एकदम नाही. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं आधी गप्प झाली, मग मागची, आणि शेवटी ज्यांना काहीच माहीत नव्हतं तीही. वर ड्रोन तेवढा घोंगावत राहिला. मालकांनी हातातली हळद पाव्हण्याच्या कपाळाला लावली, उरलेली स्वतःच्या, आणि पायऱ्या उतरले. परीक्षकांनी खांदे उडवून दुसरं नाव पुकारलं. देशी गटाचा करंडक लातूरकडं गेला आणि सर्वोत्कृष्ट श्वानाचा हस्कीकडं. हस्कीला तो सावलीत नेऊन द्यावा लागला.

टेम्पो निघाला. मालक फेट्याचा शेमला तोंडाशी धरून बाहेर बघत बसले होते. पाव्हण्यानं त्यांच्या मांडीवर तोंड टाकलं. मी सांत्वनाचं एखादं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात फाटा आला आणि मालकांनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

"चकलांब्याला घे बे."

"घरी न्हाई जायचं?" ड्रायव्हर ओरडला.

"घे म्हणलं ना."

मी म्हणालो, "मालक, दिवाळी तर होऊन गेली."

"व्हय," ते म्हणाले.

चकलांब्याच्या त्या घरापुढं टेम्पो थांबला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माणसं रानात गेलेली. ओट्यावर एक म्हातारी भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. लांब, ताठ पाठ. इतक्या वर्षांत मालकांनी मला काही शिकवलं होतं म्हणा, किंवा ती पाठ कोणालाही ओळखू आली असती म्हणा.

मालक ओट्यापाशी उभे राहिले. घसा खाकरला.

"आई," ते म्हणाले, "हायस का?"

म्हातारीनं मान वर केली नाही. या घरात तिला आई म्हणणारे दुसरे होते. "आलास व्हय रानातून," ती म्हणाली. "म्हशीला पानी दाव आदी. सकाळधरनं तशीच हाय."

मालक जागचे हलले नाहीत. हलत नाही म्हणून तिनं वर पाहिलं. डोळ्यांवर हात धरून फेटा पाहिला, कपाळावरची हळद पाहिली. हातातली शेंग तशीच राहिली. मध्ये पाव्हणा शिरला आणि तिचा हात हुंगायला लागला.

"कुनाचं रं ह्ये?" तिनं विचारलं.

"माजं."

तिनं कुत्र्याच्या लांब तोंडाकडं नीट पाहिलं. मग मालकांच्या. मग पुन्हा कुत्र्याच्या.

"व्हय," ती म्हणाली. "तुज्यावरच गेलंय."

मग तिनं हातातली शेंग फोडली आणि हनुवटीनं घराच्या आतल्या बाजूला खूण केली. "बादली न्हाणीत हाय."

मालकांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि उंबरा ओलांडून आत बादली आणायला गेले. पाव्हणा त्यांच्या मागं गेला.